बोटभर तेल

रहाटणी,
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

ती. दादासाहेब काकांस,
सविनय जय भीम.

मी किसन यांचा मुलगा बुद्धरत्न. आधी फोन केला होता. पुनमवहिनींनी सांगितलं की कानातलं मशीन लावून फोन घेतला की तुम्हाला नुसती शिट्टी ऐकू येते, आणि मोबाईलवरचं तुम्ही वाचत नाही, कारण त्यातलं अक्षर पळतं. म्हणून पत्र लिहितो आहे. सवय नाही. काही चुकलं तर सांभाळून घ्यावं.

काम गाडीचं आहे. तुमची आणि पप्पांची अँबॅसिडर. तुम्ही दोघांनी ती अर्धी-अर्धी घेतली तेव्हा इंजिन पप्पांचं आणि गिअरबॉक्स तुमचा असं ठरलं होतं, हे आई अजून सांगते. तर तुमचा गिअरबॉक्स गळत होता.

तो गळतो आहे, इंजिन नाही, याची मी खात्री केली. गाडीखाली पुठ्ठा सरकवला आणि त्यावर इंजिन कुठपर्यंत येतं, गिअरबॉक्स कुठून सुरू होतो, हे पेन्सिलने आखून ठेवलं. इंजिनाखाली कोरडं होतं. डाग मागे, पुढच्या सीटच्या खाली येतो तिथे पडला. तेल काळं नव्हतं. मधासारखं, जाड, आणि वास उग्र. काळेवाडीच्या गॅरेजमधल्या सुजितभाऊंनी गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडाचं ऑइल सील बदललं. जुनं सील मला हातात दिलं, तर ते चहातल्या बिस्किटासारखं तुटलं. आता पुठ्ठा कोरडा आहे.

पण माझी काळजी वेगळी आहे. नवीन तेल किती घातलं असं विचारलं, तर सुजितभाऊ म्हणाले, "भावा, गाडी माझ्या जन्माच्या आधीची. अंदाजानं घातलंय." मी चाकणला कंपनीत पार्ट तपासायच्या टेबलावर बसतो. तिथे अंदाज हा शब्द चालत नाही, आणि मलाही त्याने झोप येत नाही. ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा उचलला की रबरी झाकण आहे, त्याखाली तेल मोजायची दांडी. तिच्यावरची खूण झिजून गेली आहे. पप्पांना विचारलं तर म्हणाले, "माप दादालाच माहीत. गिअरबॉक्स त्याचा."

तरी दांडीवर तेल किती असावं ते कळवावं. जरा घाई आहे.

आपला,
बुद्धरत्न


वाडा रोड, राजगुरुनगर
३० नोव्हेंबर

चि. बुद्धरत्न यास दादासाहेबाचा आशीर्वाद. किसन आन् कस्तुरावहिनीला जय भीम.

पत्र पोचलं. पोस्टमन दारात उभा राहून म्हणतो, काका, कोर्टाचं आलं का काय? म्हणलं न्हाई बाबा, गिअरबॉक्सचं आलंय. तुझं अक्षर पुनमला दाखवलं. म्हणाली, मामंजी, हे तर छापल्यावानी हाय. तू आयटीआय अर्धवट सोडलंस तवा मी तुला लई बोललो होतो. आता अक्षर बघून निम्मं माफ केलं.

ऐक. दांडी काढायची, फडक्यानं पुसायची, पुन्हा तळापतोर बुडवायची आन् काढायची. खालच्या टोकापास्नं बोटभर तेल दिसलं पायजे. जास्ती न्हाई, कमी न्हाई. खूण होती तवा बी मी खुणेकडं बघत नव्हतो, बोट लावायचो. गाडी कधी बोलली न्हाई.

पुढचं किसनला वाचून दाखव. किसन, इंजिन तुझं हाय, ते जाळ न्हाईतर पवनेत बुडव. माझा गिअरबॉक्स मातुर कोरडा पडू देऊ नको. बाळंतीण आन् गिअरबॉक्स, तेलाला कमी पडली की जन्माची कुरकुर.

हे आमच्या खात्यातलं वाक्य हाय. आईम्होरं वाचू नको.

दादासाहेब

ता. क. घाई कसली ते लिहिलं न्हाईस.


रहाटणी,
रविवार, १५ डिसेंबर

ती. काकांस,
सविनय जय भीम.

ते वाक्य आईसमोरच वाचलं गेलं, कारण ती मागे उभी आहे हे मला दिसलं नाही. "या माणसाला अजून पोच आली नाही," असं म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली. पप्पांनी मात्र ते दोनदा वाचायला लावलं. हसले नाहीत. नुसती मान हलवली.

काका, गाडी पुन्हा गळते आहे, आणि आधीपेक्षा जास्त.

तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. दांडी तपासली, टोकापासून बोटभर तेल आहे. मग गिअरबॉक्स बाहेरून रॉकेलने धुतला, कोरडा केला आणि आईच्या डब्यातली पावडर कापसाने त्यावर सगळीकडे लावली, म्हणजे तेल जिथून येईल तिथे ओली रेघ उठेल. पप्पांनी रविवारची चक्कर मारून आणल्यावर बॅटरी घेऊन खाली झोपलो. एक रेघ मागच्या नव्या सीलपाशी होती. दुसरी पुढे, इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे खालच्या भोकातून थेंब येत होते. म्हणजे दोन्ही तोंडांनी गळतंय.

सुजितभाऊ म्हणाले, "पूर्ण उतरवावा लागंल. आणि उतरवला की आतलं काय काय निघंल, त्याची गॅरंटी नाही. पार्ट मिळत नाहीत राव. विकून टाक आणि निवांत झोप."

आता पहिल्या पत्रात लिहिलं नाही ते लिहितो. आमच्या सोसायटीत पार्किंगला नवीन ब्लॉक बसवले आहेत. आपल्या गाडीचं तेल त्यावर वाहत गेलं आणि सेक्रेटरी इंदुताईंच्या नातीची सायकल त्यावरून घसरली. पोरीच्या हनुवटीला टाके पडले. इंदुताई भांडल्या नाहीत, त्यामुळे मला जास्त वाईट वाटलं. बारा जानेवारीला सभा आहे. गळणारी गाडी आवारात ठेवायची नाही, असा विषय आहे. बाहेर रस्त्यावर ठेवायला जागा नाही. मी कुदळवाडीच्या एका भंगारवाल्याला फोन करून विचारलंसुद्धा. त्याने "वजनावर जाईल" असं सांगितल्यावर फोन ठेवून दिला.

पप्पांना यातलं काही माहीत नाही. नोटीस लिफ्टमध्ये लावली होती, ती मी काढून घेतली. रिटायर झाल्यापासून ते रोज संध्याकाळी पेपर घेऊन गाडीत जाऊन बसतात. गाडी जागेवरच असते. काचा वर करून ड्रायव्हरच्या सीटवर बसतात आणि जेवायची वेळ झाली की येतात. सोसायटीतली पोरं त्यांना पार्किंगवाले आजोबा म्हणतात. गाडी गेली तर ते कुठे बसतील, हे मला सुचत नाही. घरात ते बसले तरी उभे असल्यासारखे वाटतात.

एक गोष्ट मला कळलेली नाही. एवढं गळूनही दांडीवरचं तेल कमी होत नाही. जेव्हा बघावं तेव्हा बोटभरच.

गिअरबॉक्स उतरवू का? तुमचा आहे म्हणून विचारतो.

आपला,
बुद्धरत्न


वाडा रोड, राजगुरुनगर
२० डिसेंबर

चि. बुद्धरत्न,

गिअरबॉक्सला हात लावू नको. सुजितला सांग, मालक जित्ता हाय.

पोरीच्या हनुवटीचं वाचून वाईट वाटलं. बरी हाय का ते लिही.

आता तुझ्याच वाक्यावर ये. गळतंय, पण कमी होत न्हाई. अशी विहीर आमच्या शिवारात बी न्हाई पोरा. खालनं जातंय आन् वर तेवढंच ऱ्हातंय, म्हंजे वरनं कोणतरी वततंय. गालिचा कोणाच्या पायाखाली असतो? संध्याकाळी काचा लावून कोण बसतं?

पण त्याला चोरावानी धरू नको. शेजारच्या सीटवर जाऊन नुसता बस. काही इचारू नको. किसनचं असं हाय, इचारलं की गप होतो आन् गप बसलं की बोलतो. आमी कंपनीत एका शिफ्टला होतो तवा पत्रा दाबायच्या प्रेसच्या आवाजात कोणाला कोणाचं ऐकू यायचं न्हाई. तरी त्याच्या घरातलं समदं मला म्हाईत असायचं.

एक मातुर माझ्या बी डोक्यात बसंना. हंडा काठापतोर भरला तर उतू जाणारच, मंग सील नवं असो का जुनं. पण बोटभर तेलानं उतू जायला नको. बोटभर म्हंजे बरोबर माप. मंग दोन्ही तोंडानं का यावं?

बघ आन् लिही.

दादासाहेब


रहाटणी,
रविवार, २९ डिसेंबर

ती. काकांस,
सविनय जय भीम.

इंदुताईंच्या नातीचे टाके मागेच निघाले. सायकलही पुन्हा चालवते. आपल्या गाडीपाशी आली की उतरून हातात धरून नेते.

तुम्ही म्हणालात तसं काल केलं. पप्पा गाडीत होते. मी डावीकडचं दार उघडून बसलो.

"शिफ्ट नाही आज?"

"सुट्टी आहे."

"दार लाव. डास येतात."

मग बराच वेळ पेपर. क्रीडा पानाची घडी घालून त्यांनी मला दिली. मी ती वाचत असल्यासारखं केलं. थोड्या वेळाने ते म्हणाले, "पाय जरा तिकडं घे." आणि खाली वाकून गालिचा उचलला. रबरी झाकण काढलं. दांडी काढून रुमालाने पुसली, बुडवली, काढली आणि उजेडाकडे धरून तिला आपलं अंगठ्याजवळचं बोट लावलं. मग सीटखालून सरबताची बाटली निघाली, आत गिअर ऑइल. छोटं नरसाळं पण ठेवलं आहे त्यांनी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. माझ्यासमोर ओतलं. लपवलं नाही.

"कमी झालं होतं जरा," म्हणाले.

"रोज घालता?"

"रोज नाही. कमी दिसलं की."

"पप्पा, त्यानेच गळत असेल."

"गळतंय म्हणून तर घालतो. दादाचा आहे तो. एक दिवस येईल, आल्या आल्या चहा नाही घ्यायचा, आधी दांडी काढेल. कोरडी निघाली तर काय तोंड दाखवू त्याला?"

"पण जास्त होत असेल तर?"

"बोटभर लिहिलंय त्यानं. तूच वाचलंस ना? त्याच्या मापाच्या खाली मी ठेवणार नाही." आणि मला दाखवायला त्यांनी पुन्हा दांडीला बोट लावलं. टोकापासून पार मुळापर्यंत. तेल बरोबर तिथवर होतं.

काका, आता जे लिहितो त्याचा राग मानू नका. हा कागद दोनदा फाडून पुन्हा लिहिला आहे.

मी लहान होतो तेव्हा निगडीच्या बस स्टँडवर गर्दीत तुम्ही मला धरायला बोट द्यायचा. पप्पांचं बोट धरलं की ते माझ्या मुठीच्या वर निघायचं. तुमचं सगळं आत मावायचं. मला वाटायचं, लहान मुलांना धरायला तुम्ही वेगळं बोट ठेवलं आहे. मोठा झाल्यावर प्रेसवरच्या अपघाताचं कळलं. आमच्या घरात त्याबद्दल कोणी कधी बोलत नाही, म्हणून मीही बोललो नाही. तपासायच्या टेबलावर मला रोज सांगतात की आधी मोजपट्टी कोणाची ते बघ. आणि इथे मी पत्र वाचलं, दांडीला माझं स्वतःचं बोट लावलं आणि बरोबर म्हणून मोकळा झालो.

"बोटभर" लिहिताना तुमच्या मनात कोणतं बोट होतं?

आपला,
बुद्धरत्न


वाडा रोड, राजगुरुनगर
३ जानेवारी २०२५

चि. बुद्धरत्न,

पत्र वाचलं आन् हाताकडं बघितलं. मंग असा हसलो की पुनम गॅस बंद करून पळत आली. तिला वाटलं मला काय झालं. तिला सांगितलं, तर ती बी खाली बसून हसली.

अरे, प्रेसनं दोन पेरं नेली त्याला लई वर्सं झाली. मला ते आता अर्धं वाटतच न्हाई. ह्याच बोटानं तंबाखू मळतो, ह्याच बोटानं नातवाला दम देतो. माझं बोट म्हंजे एवढंच. मी बोटभर लिहिलं ते माझ्या बोटाभर लिहिलं. तुमी बापलेकांनी दुप्पट तेल घातलंत आन् माझ्या गिअरबॉक्सला नाकातोंडानं वकायला लावलं. दोन्ही तोंडानं का, ते आता कळलं. त्याचा काही दोष न्हाई. सुजितच्या सीलचा बी न्हाई.

तू म्हणशील, तू लहान होतास, पण किसनला तर म्हाईत. व्हय. त्या दिवशी त्यानंच मला रिक्षात घातलं. हात त्यानं धरला होता, रुमाल त्याचा होता. तो इसरला आसंल का? न्हाई पोरा. तो इसरला न्हाई. त्या दिवसापास्नं त्यानं माझ्या हाताकडं एकदा बी बघितलं न्हाई. चहा देताना सुदिक माझ्या तोंडाकडं बघून देतो. मला आधी राग यायचा. मंग उमगलं, त्याला ते बघवत न्हाई. त्याच्या हिशोबी बोट जाग्यावरच हाय. इतकी वर्सं त्यानं माझं बोट पुरं धरलंय.

खाली कागदावर बोट ठेवलंय आन् भवतीनं पेन फिरवलाय. पेन पुनमनं धरला. गुदगुल्या झाल्या म्हणून एका जागी रेघ हललीय, ती मोजू नको. हे माप. ह्याच्या वरचं तेल काढून टाक. दांडीवर कानशीनं पक्की खूण कर, म्हंजे पुढं कोणाच्या बोटाचं नाव नको.

चित्र किसनला दाखव. मी तिथं असतो तर हात दाखवू शकलो नसतो.

दादासाहेब


रहाटणी,
रविवार, १२ जानेवारी २०२५

ती. काकांस,
सविनय जय भीम.

सभा आत्ताच संपली. तुम्ही वाट बघत असाल म्हणून वर येऊन लगेच लिहायला बसलो आहे. पण क्रमाने सांगतो.

तुमचं चित्र पप्पांना गाडीतच दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला. कागद स्टिअरिंगवर टेकवून बराच वेळ बघितला. मग आपलं बोट त्या चित्रावर ठेवलं. त्यांची दोन पेरं बाहेर, कोऱ्या कागदावर आली.

"एवढंच आहे?" म्हणाले.

"हो."

"मला वाटलं होतं, जरा जास्त राहिलं असेल."

कागदाची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली. मी म्हटलं, पप्पा, माप पाहिजे. तेव्हा काढून दिली. कानस मी आणली होती, पण खूण त्यांनी केली. दांडी मांडीवर घेऊन, चित्राला लावून, हळूहळू. मी दोन वेळा मोजपट्टीने तपासली. बरोबर आहे. हललेली रेघ धरलेली नाही. मग सलाईनच्या नळीने वरचं तेल ओढून काढलं. बाटली भरून वर उरलं, ते डब्यात काढावं लागलं. बाटली आणि नरसाळं पप्पांनी स्वतः घरात आणून माळ्यावर ठेवलं.

गिअरबॉक्स पुन्हा धुतला, पुन्हा पावडर लावली. आईने या वेळी जुना डबा दिला, नवीन लपवून ठेवला आहे. पप्पांनी गाडी रोज फिरवून आणली. पावडर पांढरीच राहिली.

काल मी त्यांना सभेचं सांगायला गेलो. वाक्य जुळवून ठेवलं होतं. ते म्हणाले, "माहीत आहे. लिफ्टमध्ये नोटीस होती."

"ती मी काढली होती."

"तू काढलीस ती दुसरी. पहिली मी काढली. तुला टेन्शन येतं म्हणून."

सभेत विषय निघाल्यावर मी उठणार होतो. पप्पांनी हाताने खाली बसवलं. उभे राहून म्हणाले, "गळत होती, खरं आहे. चूक माझ्या हाताची होती, गाडीची नाही. पोरीला लागलं त्याची मी माफी मागतो. आता गळत नाही." मी पुठ्ठे घेऊन गेलो होतो, तारखा घालून. इंदुताई म्हणाल्या, "ते राहू दे बाळा. मी सकाळीच मोबाईलची बॅटरी लावून गाडीखाली बघून आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा साडी खराब झाली नाही." एक-दोघे म्हणाले की जुनी गाडी आहे, पुन्हा गळेल. तर ठरलं असं, की गाडी राहील, खाली पुठ्ठा कायम राहील, आणि डाग दिसला तर आधी आम्हाला सांगतील, मग नोटीस लावतील. नोटीस लिफ्टमध्ये लावायची नाही, असंही ठरलं, कारण तिथली टिकत नाही.

सभेनंतर खाली आलो तर इंदुताईंची नात सायकलवर गाडीच्या जवळून गेली. उतरली नाही. घंटी वाजवली. पप्पांनी आतून हॉर्न दिला.

येत्या रविवारी आम्ही तिघे राजगुरुनगरला येतो आहोत, गाडी घेऊन. चाकणच्या चौकात अडकून गाडी तापायला नको म्हणून पहाटे निघू. पुनमवहिनींना सांगा, जेवायचं साधं करा. पप्पांनी कालपासून तीनदा विचारलं, दादा आधी दांडी बघेल की चहा घेईल? आज जिन्यात म्हणाले, "बोट लावून बघू दे त्याला. मी समोर उभा राहीन." एवढंच. मी काही विचारलं नाही. तुम्हीच शिकवलं आहे.

सोबत पुठ्ठ्याचा तुकडा कापून पाठवतो. गिअरबॉक्सच्या बरोबर खालचा आहे, पेन्सिलच्या खुणा बघाव्यात. कोरडा आहे. उजव्या कडेला एक तपकिरी ठिपका दिसेल. तो तेलाचा नाही, पप्पांनी चहा सांडला. शंका वाटल्यास वास घेऊन खात्री करावी.

आपला,
बुद्धरत्न